आधी कोण बोलणार?

प्रशिक्षणाच्या पहिल्या सकाळी आम्हाला पत्ते खेळायला बसवलं. ओळखपाळख नाही, उद्दिष्टांचं वाचन नाही. चौघाचौघांची टेबलं, प्रत्येक टेबलावर एक्क्यापासून सत्तीपर्यंतची पानं आणि नियमांचा एक कागद. कागद वाचायचा, थोडं खेळून बघायचं, मग तो परत द्यायचा. तिथून पुढे बोलणं बंद. खाणाखुणा करा, चित्रं काढा, पण शब्द नकोत, लिहिलेलेसुद्धा. थोड्या वेळाने घंटा होते. जिंकलेला वरच्या टेबलावर जातो, हरलेला खालच्या, बाकीचे जागच्या जागी.

गोम अशी, की प्रत्येक टेबलावरचा कागद किंचित वेगळा असतो आणि ते कुणालाच सांगितलेलं नसतं. एका टेबलावर एक्का सगळ्यात मोठा, दुसऱ्यावर सगळ्यात लहान. इथे इस्पिक हुकूम, तिथे चौकट, पलीकडे हुकूम ही भानगडच नाही. मी जिंकून वरच्या टेबलावर गेले, एक्का टाकला आणि हात माझाच म्हणून पानं ओढायला लागले, तर समोरच्या बाईंनी शांतपणे ती स्वतःकडे घेतली. मनात पहिला विचार आला, यांना खेळ कळलेला नाही. दुसरा, या लबाडी करताहेत. शेजारचे गृहस्थही त्यांच्या बाजूने मान डोलवायला लागले तेव्हा तिसरा, हे दोघं सामील आहेत. आपण वेगवेगळ्या नियमांनी खेळत असू, हा विचार रांगेत सगळ्यात मागे उभा होता.

या खेळाचं नाव बार्न्गा. शिवसैलम त्यागराजन यांनी तो १९८० मध्ये लायबेरियात काम करत असताना रचला. नंतरच्या चर्चेत आमच्या प्रशिक्षिकांनी एकच प्रश्न लावून धरला. नियम वेगळे आहेत हे लक्षात आल्यावर तुम्ही काय केलंत? उत्तरं ऐकण्यासारखी होती. वरच्या टेबलावर गेलेले बहुतेक जण आपलंच घोडं दामटत होते, कारण ते जिंकून आले होते आणि आपले नियम बरोबर असल्याचा पुरावाच जणू त्यांच्या खिशात होता. हरून खाली गेलेले मुकाट्याने तिथल्यांच्या कलाने खेळले. एकाने तर नियम कळल्यावरही न कळल्याचं सोंग घेतलं, कारण त्यात त्याचा फायदा होता. फरक फार छोटा होता, म्हणूनच सगळा घोळ. टेबलावर बुद्धिबळाचा पट असता तर मी आल्या आल्या विचारलं असतं, हे काय चाललंय? पत्ते तेच, बसायची रीत तीच, त्यामुळे विचारायची गरजच वाटली नाही.

आता हे प्रशिक्षण कशाचं, ते सांगते. वेगवेगळ्या देशांतल्या तरुण मुलामुलींचे छोटे गट आठवड्यातून एकदा व्हिडिओवर भेटतात आणि ठरलेल्या विषयावर बोलतात. असे उपक्रम बरेच आहेत. युरोपीय आयोगाने २०१८ मध्ये युरोप आणि भूमध्य समुद्राच्या दक्षिणेकडचे देश यांतल्या तरुणांसाठी इरास्मस प्लस या आपल्या शिक्षणविषयक योजनेखाली एक सुरू केला होता. प्रत्येक गटाला एक सुलभक लागतो, म्हणजे फॅसिलिटेटर. त्याने शिकवायचं नाही, आपलं मत द्यायचं नाही, निवाडा करायचा नाही. बोलणं चालू ठेवायचं आणि ते खोल जाईल असं बघायचं. मला हे काम करायचं होतं, कारण 'संस्कृतींची ओळख' नावाच्या कार्यक्रमांचा मला कंटाळा आला होता. झेंडे, पोशाख, नाच, खाण्याचे स्टॉल. माणूस घरी जातो तेव्हा त्याला समोरच्याचा सणाचा वेश ठाऊक असतो. समोरच्याला रात्री झोप कशामुळे लागत नाही ते ठाऊक नसतं. असे कार्यक्रम वाईट असतात असं नाही, पण तिथे कुणाला काही विचारण्याची वेळच येत नाही.

पत्त्यांनंतर एक छायाचित्र. बाकाच्या दोन टोकांना एक पुरुष आणि एक बाई बसलेत, मध्ये पिशवी, दोघं वेगवेगळ्या दिशांना बघताहेत. काय दिसतं ते सांगा. पटापट उत्तरं आली: भांडलेलं जोडपं. बसची वाट बघणारे अनोळखी लोक. बाईला त्याच्याशी बोलायचं नाहीये. प्रशिक्षिकांनी एकेक वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खोडलं. "हे दिसत नाही, हे तुम्ही लावलंत." हा सराव जुना आहे, मिल्टन आणि जॅनेट बेनेट यांनी १९७० च्या दशकात तो प्रचारात आणला. तीन पायऱ्या: आधी नुसतं वर्णन, मग अर्थ, मग मत. आमच्या प्रशिक्षिकांनी त्याला स्वतःची एक अट जोडली होती. किमान तीन अर्थ लावायचे आणि त्यातला एक असा हवा, जो चित्रातल्या माणसाने ऐकला तर तो म्हणेल, "हो, असंच आहे."

ऐकायला बाळबोध वाटतं. करून बघा. नुसतं वर्णन करणं हे भयंकर कंटाळवाणं काम आहे आणि डोकं त्यापासून सारखं पळ काढतं. 'त्याने हात छातीवर बांधले' आणि 'तो ताठरपणे बसला' यांत जे अंतर आहे, ते मला तोवर दिसतच नव्हतं. पुढे व्हिडिओवरच्या गटांत या एका सवयीचा जेवढा उपयोग झाला तेवढा कशाचाच नाही.

मग आला तो भाग, ज्यामुळे माझं बरंच काही उलटंपालटं झालं. लहानपणापासून ऐकत आलोय: दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ. सहानुभूतीचं हे पहिलं सूत्र. आम्हाला जोड्यांत बसवलं आणि प्रश्नांची एक यादी दिली. तुमच्या जोडीदाराला एकट्याने जेवायला आवडतं का, पैसे उसने द्यावेत असं त्याला वाटतं का, मुलांना मारणं त्याला चालतं का, अशी. आधी जोडीदाराच्या जागी स्वतःला कल्पून त्याची उत्तरं लिहायची, प्रत्येक उत्तरापुढे आपली खात्री किती तेही लिहायचं. मग प्रत्यक्ष विचारायचं. आमचे आकडे भरघोस होते, खात्रीचे. उत्तरं मात्र तिसरीच निघाली.

हा सराव ज्या संशोधनावर बेतलेला होता ते २०१८ मधलं, टाल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांचं. एकूण २५ प्रयोग. लोकांना दुसऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना करायला सांगितली, तर त्यांचे अंदाज जास्त बरोबर येत नाहीत. काही वेळा फक्त आत्मविश्वास वाढतो. अंदाज सुधारायचा असेल तर उपाय एकच दिसला: समोरच्याला विचारणं. याचं कारणही उघड आहे. मी तुझ्या जागी उभी राहते तेव्हा माझं सगळं सामान घेऊन उभी राहते. माझी भीती, माझं बालपण, माझा सुरक्षित पगार. तुझी फक्त जागा घेते, तुला बाजूला सरकवून. आपल्याकडे 'ज्याचं जळतं त्यालाच कळतं' म्हणतात, त्यात जरा निराशा आहे. पण ज्याचं जळतं त्याला विचारता येतं, एवढी सोय तरी उरते.

विचारणंही सरळ नसतं. दुसऱ्या दिवशीचा बराच वेळ प्रश्नांची चिरफाड करण्यात गेला. "तुमच्या देशात बायकांना नोकरी करू देतात का?" या प्रश्नात उत्तर आधीच बसलेलं आहे आणि 'देतात' या क्रियापदात कुणीतरी देणारा आहे. "तुम्ही असं का करता?" यातला 'का' समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो, तो मग कारणं द्यायला लागतो, आणि कारणं ही बहुधा बचावासाठी असतात. आम्हाला सांगितलं की 'का'ऐवजी 'कसं' विचारून बघा आणि देशाऐवजी घराबद्दल विचारा. "तुमच्या घरी हे कसं ठरतं?" असं विचारलं की लोक गोष्टी सांगतात. शितावरून भाताची परीक्षा भातापुरती ठीक. एका मुलीवरून तिच्या देशाची करायला गेलं की ती मुलगी गप्प होते, आणि माझ्या मते तिने गप्पच व्हावं.

एक तक्रारही नोंदवून ठेवते. 'म्हणजे तुला असं म्हणायचंय का की…' म्हणत समोरच्याचं बोलणं परत त्याच्यासमोर धरण्याचा सराव आम्ही इतका केला, की संध्याकाळी चहाच्या वेळीही लोक एकमेकांशी तसंच बोलायला लागले. अतिरेक झाला की त्या तंत्रातून ऐकल्याचा नुसता अभिनय उरतो. समोरच्याला ते लगेच कळतं.

प्रत्यक्ष गट सुरू व्हायच्या आधी शांततेवर एक तास झाला. मला वाटलं ध्यानधारणा वगैरे असेल. होतं वेगळंच. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांत मोजलं होतं, २००९ मध्ये. सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे पापणी लवते न लवते तोच. सगळ्यात झटपट उत्तर जपानी बोलणाऱ्यांचं, सरासरी सुमारे ७ मिलिसेकंद. सगळ्यात सावकाश डॅनिश बोलणाऱ्यांचं, सुमारे ४७०. म्हणजे कुठलीही भाषा सरासरीपासून फार तर पाव सेकंद इकडेतिकडे. पण 'हे लोक किती आखडू' आणि 'हे लोक किती घायकुतीला आलेले' अशा समजुती उभ्या राहायला असा पाव सेकंदही पुरतो.

आता त्यात इंटरनेट घाला. व्हिडिओवर आवाज पोहोचायला उशीर होतो, आणि २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की १.२ सेकंदांचा तांत्रिक विलंबसुद्धा ऐकणाऱ्याला समोरच्या माणसाचा स्वभाव वाटतो: कमी लक्ष देणारा, कमी मनमोकळा. मेख लक्षात घ्या. ज्याची जोडणी भिकार, तो रुक्ष ठरतो. आणि जोडणी कुणाची भिकार असते? जो सामायिक खोलीत, जुन्या फोनवर, वीज जाईल या धाकात बसलाय त्याची. माझ्या पहिल्याच गटातला एक मुलगा सगळ्यांना 'तुटक' वाटत होता. पुढच्या बैठकीत तो दुसरीकडून जोडला गेला आणि एकदम गप्पिष्ट निघाला. त्यानंतर मी प्रत्येक बैठकीची सुरुवातच या प्रश्नाने करायला लागले: आज कुणाचा आवाज उशिरा पोहोचतोय? ज्याचा पोहोचत असेल, त्याच्यासाठी बाकीच्यांनी थांबायचं.

भाषेचंही तेच. गटाची भाषा इंग्रजी. ज्यांचं इंग्रजी अस्खलित ते हुशार वाटतात, आणि बाकीचे वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. यावर एक साधा तोडगा शिकवला होता. प्रश्न टाकल्यावर कुणीच बोलायचं नाही, आधी सगळ्यांनी आपल्या भाषेत दोन ओळी लिहायच्या, मग बोलायला सुरुवात. फरक ताबडतोब दिसतो. ती दोन मिनिटं अस्खलित मंडळींना मात्र जड जातात.

आता त्या बैठकीबद्दल. विषय ठरवला होता 'प्रवास', मुद्दाम हलकाफुलका. गटात नेदरलँड्सचा एक मुलगा, ट्युनिशियाची एक मुलगी, पोलंडची एक मुलगी आणि आणखी काही जण. नेदरलँड्सच्या मुलाने सुरुवात केली. गडी उत्साही. मागच्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर कसं काहीच न ठरवता निघाले, तिकिटं ऐन वेळी काढली, तीन देश फिरले. मग तो म्हणाला, "प्रवास केला की पूर्वग्रह गळून पडतात. सगळ्यांनी प्रवास करायला हवा." आणि सौजन्य म्हणून ट्युनिशियाच्या मुलीकडे वळून, "तू कुठे कुठे गेलीयेस?"

ती थांबली. तो विलंब इंटरनेटचा नव्हता. मग म्हणाली, "मी अर्ज केलाय. दोनदा."

शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाची, प्रक्रिया तिने सांगितली तशी सगळ्यांनी ऐकली. बँकेचे हिशेब, राहण्याच्या जागेचा पुरावा, परत येण्याचं कारण, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा, बोटांचे ठसे. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. तिला एका परिषदेचं निमंत्रण होतं. नकाराच्या छापील कागदावर खूण केलेली होती, की ती मुदत संपल्यावर परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे. "मी भूगर्भशास्त्र शिकते," ती म्हणाली. "माझे खडक इथेच आहेत. मी परत का येणार नाही?"

नेदरलँड्सचा मुलगा लालबुंद. आणि मग तो जे बोलला ते अशा वेळी कुणीही बोलतं: "पण यात माझा काय दोष? पासपोर्ट काही मी निवडला नाही."

इथे सुलभकाला खरा घाम फुटतो. एक मोह असा होतो की विषय बदलावा, कुणाला वाईट वाटायला नको. दुसरा मोह जास्त फसवा असतो, समतोल राखायचा. 'दोघांच्याही बाजू आहेत, आता तू तुझी सांग, मग तू.' प्रशिक्षणात आम्हाला नेमकं याच्याबद्दल सावध केलं होतं. एमिल ब्रुनो आणि रेबेका सॅक्स यांचं २०१२ मधलं काम आहे. इस्रायली आणि पॅलेस्टिनी, तसंच अमेरिकेतल्या ॲरिझोनातले गोरे रहिवासी आणि मेक्सिकन स्थलांतरित, अशांना त्यांनी व्हिडिओवर एकमेकांशी बोलायला लावलं. एकाने आपल्या समाजाच्या अडचणी लिहायच्या, दुसऱ्याने त्या आपल्या शब्दांत परत सांगायच्या. दुसऱ्या गटाबद्दलचं मत कुणाचं कधी निवळलं? ज्यांच्या हातात जास्त सत्ता आहे त्यांचं, ऐकल्यावर. ज्यांच्या हातात कमी आहे त्यांचं, बोलल्यावर आणि आपलं बोलणं पोहोचलंय हे कळल्यावर. कमजोर बाजूला 'तू समोरच्याचा दृष्टिकोन समजून घे' असं सांगण्यातून फारसं निघालं नाही. आणि मला वाटतं त्यात नवल काय? तिला समोरच्याचा दृष्टिकोन आधीच पाठ असतो. अर्जाचे सगळे रकाने त्याच दृष्टिकोनातून तर लिहिलेले असतात.

म्हणून मी त्याला थांबायला सांगितलं आणि एवढंच विचारलं, की तिने आत्ता जे सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांगशील का. त्याने सांगितलं. पहिल्या वेळी विम्याची रक्कम आणि बाकी कागदपत्रं नीट सांगितली, शंकेचा मुद्दा गाळला. ती म्हणाली, "नाही, ते राहिलं." त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी त्यासकट. तिने मान डोलावली आणि पाठीमागे टेकली. हे वर्णन आहे, अर्थ मी लावत नाही. पण त्यानंतर तीच बोलायला लागली, खडकांबद्दल, आणि तिच्या भावाबद्दल, जो जाऊन परत आला नाही आणि ज्याच्यामुळे नकाराचा तो कागद तिला अन्याय वाटतो तसा थोडा खराही वाटतो. ही गोष्ट आधी समतोल राखून तिच्याकडून कधीच आली नसती.

त्या दिवशीची सगळ्यात उपयोगी भर पोलंडच्या मुलीने घातली. ती म्हणाली, अमेरिकेचा व्हिसा पोलंडच्या लोकांनाही २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत लागत होता. त्या मुलाखतीच्या रांगांच्या गोष्टी तिने घरात ऐकल्या होत्या. तिचे वडील म्हणायचे, तिथला माणूस आधी तुझ्याकडे बघतो, मग कागदाकडे. "आणि आता माझ्या देशाच्या सीमेवर दुसऱ्या लोकांना तसं बघतात, आणि घरी यावर कुणी बोलत नाही." यानंतर 'पश्चिम' आणि 'बाकीचे' अशी सरळ फाळणी त्या गटात परत होऊ शकली नाही.

याचा टिकाऊ परिणाम किती? प्रशिक्षणात हा प्रश्न आम्ही लावून धरला होता, कारण 'संवादाने जग बदलतं' असली वाक्यं ऐकायला कुणी आलेलं नव्हतं. उत्तरं प्रामाणिक मिळाली. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की दोन समाजांतल्या लोकांच्या भेटीने पूर्वग्रह कमी होऊ शकतो, पण त्याला अटी आहेत: भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला सहकार्य लागायला हवं, आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांना दिसलं की भेटीने पूर्वग्रह बहुतेक ठिकाणी कमी होतो आणि अटी पाळल्या तर जास्त.

पण नंतरचे प्रयोग पाय जमिनीवर आणतात. इराकमध्ये आयसिसने हुसकावलेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांत सलमा मौसा यांनी काही ठिकाणी मुस्लिम खेळाडू घातले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की मिश्र संघांत खेळलेले ख्रिस्ती खेळाडू पुढच्या मोसमातही मिश्र संघात नाव नोंदवायला जास्त तयार होते, मुस्लिमांबरोबर सरावही करत राहिले. पण मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांमध्ये मिसळण्यात फारसा फरक पडला नाही. नायजेरियातल्या कडुना शहरात अलेक्झांड्रा स्काको आणि शाना वॉरेन यांनी ख्रिस्ती आणि मुस्लिम तरुणांना एकत्र संगणक शिकवला. त्यांचे पूर्वग्रह तसेच राहिले, वागण्यातला भेदभाव मात्र कमी झाला. मला हा निकाल सगळ्यात आशादायक वाटतो, आमच्या गटातल्या काहींना सगळ्यात निराशाजनक वाटला. मत बदललं नाही तरी वागणं बदलतं, हे काही थोडं नाही. उत्तर प्रदेशात मॅट लो यांनी वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांचे क्रिकेटचे सामने भरवले. एकाच संघात खेळल्याने जातीपलीकडच्या मैत्री वाढल्या. विरुद्ध संघांत समोरासमोर आल्याने तसा लाभ झाला नाही, उलट काही बाबतींत तोटाच. नुसतं समोर येणं पुरत नाही, एका बाजूने खेळावं लागतं.

हे वाचल्यापासून नुसत्या चर्चेच्या बैठकांवरचा माझा विश्वास बराच कमी झालाय. चर्चेत ऑलपोर्टच्या अटींपैकी 'सहकार्य' ही अट जवळपास पूर्ण होतच नाही. सगळे छान बोलतात, निरोपाच्या वेळी हात हलवतात आणि पडदा काळा होतो. मी आयोजकांकडे हट्ट धरला की शेवटच्या काही बैठकांत गटाला काहीतरी मिळून करू द्या. त्यांचं म्हणणं, वेळ कमी पडेल, भांडणं होतील. भांडणं व्हावीत अशीच माझी इच्छा होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

परवानगी मिळाली. या गटाने एक छोटी ध्वनिफीत करायची ठरवली, सीमेच्या खिडकीसमोर उभं राहण्याबद्दल. प्रत्येकाचा एक तुकडा, शेवटी सगळे एकत्र. लेखनाचा भाग झटपट झाला. अडलं ते क्रमावर. नेदरलँड्सच्या मुलाला त्याचा तुकडा सगळ्यात शेवटी हवाय, त्याच्या मते सुरुवात ट्युनिशियाच्या मुलीच्या आवाजानेच झाली पाहिजे. तिला हे अजिबात मान्य नाही. तिचं म्हणणं, दर वेळी आधी आम्हीच आपली कहाणी सांगायची आणि तुम्ही हळहळायचं, हा क्रम मला नको. आधी तू सांग, न ठरवता निघालास आणि तुला कुणीही काहीही विचारलं नाही ते, मग मी बोलते. पोलंडच्या मुलीने चिठ्ठ्या टाकू म्हटलं, तर दोघांनीही नकार दिला. सुलभकाने मत द्यायचं नाही, त्यामुळे मी सध्या फक्त पुढच्या बैठकीची वेळ कळवते. मुदत शुक्रवारची आहे आणि अजून ठरलेलं नाही.